कलम सात आणि डी बॅचचं लेथ

"मॅडम, नियम तुमचाच आहे. कलम सात. आता लावा."

प्राचार्यांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली आणि निघून गेले. बुधवार होता. फाइलमध्ये भित्तिपत्रकाच्या बोर्डावरून उपटलेला एक कागद होता, वरची टाचणी अजून त्याला लटकत होती. शीर्षक होतं, 'डी बॅच कशी बनते?' खाली नाव, अश्विनी रामटेके, डिप्लोमा मेकॅनिकल, शेवटचं वर्ष.

सोमवारी पुण्याची एक कंपनी मुलाखती घ्यायला येणार होती. आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याच्यावर शिस्तीची केस चालू आहे त्याचं नाव मुलाखतीच्या यादीतून कटते. म्हणजे मी कलम सात लावलं की ही मुलगी सोमवारी घरी बसणार.

आधी मी कोण ते सांगते. नोकरीची सगळी वर्षं मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या पर्सोनेल खात्यात काढली. पर्सोनेल म्हणजे भरती, बढती, रजा आणि शिस्तीच्या चौकशा. कामगाराला चार्जशीट देणं, म्हणजे 'तुझ्यावर हा आरोप आहे, उत्तर दे' असा कागद देणं, हे माझं रोजचं काम होतं. रिटायर झाले, सेक्टर १० चं क्वार्टर सुटलं, जुनवानीत घर बांधलं. घरात बसवेना, म्हणून या खासगी पॉलिटेक्निकमध्ये प्रशासकीय अधिकारी झाले. शिस्त समितीची सचिव मीच आणि समान संधी कक्षाची प्रमुखही मीच. भेदभावाची तक्रार आली तर ऐकणारी मी आणि मुलांना शिक्षा करायची तर तीही मीच करणार. हे विचित्र आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

आता कलम सात. मागच्या वर्षी फ्रेशर्स पार्टीत सीनियर पोरांनी एक स्किट केलं. एक पोरगा दुसऱ्याच्या खांद्यावर बसला, त्याच्या गळ्यात पाटी, 'कोटा'. खालच्याला धापा लागल्यात, वरचा मस्त पॉपकॉर्न खातोय, आणि मागून एक जण माइकवर खऱ्याखुऱ्या एका मुलाचा प्रवेश परीक्षेतला रँक वाचतोय. तो मुलगा तिसऱ्या रांगेत बसला होता. सगळं सभागृह खिदळत होतं. त्या आठवड्यातच तो सामान घेऊन गावी गेला, परत आला नाही. स्किटवाल्यांना बोलावलं तर म्हणाले, "मजाक था, मॅडम." आणि वर म्हणाले, बोलायचं स्वातंत्र्य आहे. त्यांना शिक्षा देता येईल असा एकही नियम आमच्या पुस्तकात नव्हता. माझं टाळकं असं सटकलं होतं, की त्याच दुपारी बसून मी कलम सात लिहिलं.

'परिसरात कोणीही, कोणत्याही स्वरूपात, बोलून अथवा लिहून, कोणाच्याही जातीचा किंवा प्रवर्गाचा उल्लेख करणार नाही.'

प्लांटची सवय ती. तिथं नियम लिहिताना आम्ही जाळं मोठं टाकायचो, म्हणजे कोणी निसटायला नको. समितीत सगळ्यांनी माझं कौतुक केलं. प्राचार्य म्हणाले, "अब कॉलेज में जात का नाम ही नहीं रहेगा." मी खूश झाले. आज त्या खुशीची मला लाज वाटते.

आणि त्या कलमाखाली आलेली पहिली केस कोणाची, तर अश्विनी रामटेकेची. त्या स्किटवाल्यांतला एकही नाही.

मी तिचा कागद वाचला. पर्सोनेलवाली बाई वाचते तसा वाचला, हातात लाल पेन घेऊन. 'एससी' तीनदा. 'एसटी' दोनदा. 'ओपन' चारदा. गोल केले. एका ओळीत 'रोल नंबर चार' असा एका मुलावर थेट वार होता, तिथंही गोल केला. दहा मिनिटांत चार्जशीट तयार. स्वतःच्या हातानं लिहिलं, 'अश्विनी रामटेके, रोल नंबर ५२'. आणि तिला बोलावलं.

ती आली. बारीक, सरळ उभी राहणारी. कुरुदला राहते, बाप रेल्वेत कीमॅन. भिलाईत ऑफिसचं सगळं बोलणं हिंदीत चालतं, पण घरी मराठी बोलणारं पोर मला लगेच कळतं. मी मराठीतच विचारलं.

"हे तूच लिहिलंस?"

"हो मॅडम."

"यात जात-प्रवर्ग लिहिलास. कलम सात माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण ते नाही लिहिलं त डी बॅच कशी बनली ते सांगू कशी?"

"नियम सगळ्यांसाठी आहे."

ती म्हणाली, "मॅडम, कॉलेजच्या लिस्टमध्ये लिहिलेलं चालते. मी लिहिलं त गुन्हा?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. "शुक्रवारी समितीसमोर बोल," म्हटलं आणि कागदावर तिची सही घेतली. तिनं सही करताना एकच विचारलं, "सोमवारचं?" मी म्हटलं, "बघू." हा 'बघू' मी प्लांटमध्ये हजार जणांना दिला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप आला. ड्यूटीवरून थेट, अंगात ते केशरी जॅकेट, बुटांवर गिट्टीची धूळ. दारातच उभा राहिला.

"या रामटेकेजी, बसा."

"बसत नाई मॅडम. दोन मिनटं बोलतो."

"पोरीची वकिली करायला आले असाल त सांगते, समिती ठरवन." त्याच्याशी बोलताना माझीही जीभ आपोआप गावाकडं वळली.

"वकिली नाई करून राहिलो. मले येकच गोष्ट समजत नाई." तो टोपी हातात फिरवत होता. कीमॅन म्हणजे रोज पायी चालत रुळांची तपासणी करणारा माणूस. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या तर ठोकायच्या, रूळ तडकला तर गाडी थांबवायची. "मॅडम, आमाले पटरीत क्रॅक दिसला त आमी लाल झेंडी दाखवतो. गाडी थांबते. लेट होते. मांगच्या गाड्या बी लेट होते. कंट्रोलवाला वरडते. पण साहेब आला का तो मले असं नाई विचारत, का तू लाल झेंडी कावून दाखवली. तो विचारते, क्रॅक कुठं हाय."

मी फाइल बंद केली.

"पोरीनं झेंडी दाखवली. तुमी सारे झेंडीचा रंग पाहून राहिले. क्रॅक कुठं हाय, हे कोनी विचारलं का तिले?"

नमस्कार करून तो गेला. चहाही घेतला नाही.

बाप्पा! मला भर सकाळी कोणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. मी फाइल उघडली आणि तो कागद पुन्हा काढला. या वेळी पेन ड्रॉवरमध्ये टाकलं.

तिनं लिहिलं होतं ते असं. प्रवेशाची यादी येते तीच प्रवर्गवार, आधी ओपन, मग ओबीसी, मग एससी, एसटी. बाबू त्याच क्रमानं रोल नंबर देतो. प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरवर पडतात, पंधरा-पंधराच्या. म्हणून ए बॅचमध्ये कोण आणि डी बॅचमध्ये कोण, हे वर्गात पाऊल टाकायच्या आधीच ठरलेलं असतं. कोणी मुद्दाम केलं नाही, पण तीन वर्षांत कोणी बदललंही नाही. डी बॅचचा वर्कशॉप शनिवारी दुपारी. तेव्हा नव्या लेथवर ताडपत्री असते. सर म्हणतात, डी बॅचवाले टूल तोडतात. डी बॅचला जुनं लेथ, खिडकीजवळचं. आणि मग एक ओळ, जिच्यावरून माझं लाल पेन आदल्या दिवशी सरळ पुढं गेलं होतं.

'मागच्या शनिवारी चकमधून जॉब सुटला आणि रोल नंबर ५२ च्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. भिंतीवर खूण आहे.'

लेथ म्हणजे लोखंड फिरवून कापायचं मशीन. जो तुकडा फिरतो त्याला जॉब म्हणतात, आणि त्याला घट्ट धरणारा पंजा म्हणजे चक. पंजा झिजला की तुकडा सुटतो. सुटलेला तुकडा डोक्यात बसला तर पुढचं बोलायला माणूस राहत नाही.

रोल नंबर ५२. हा नंबर मी माझ्या हातानं चार्जशीटवर लिहिला होता. पोरगी थोडक्यात वाचली होती, आणि मी तिला विचारत होते, एससी शब्द कावून लिहिलास?

प्लांटमध्ये याला 'निअर मिस' म्हणतात, होता होता राहिलेला अपघात. त्याचं रजिस्टर असायचं. कोणीही लिहायचं, हेल्परपासून इंजिनीअरपर्यंत, आणि लिहिणाऱ्याला काही करायचं नाही, हा आमचा पहिला नियम. कारण त्याला धमकावलं तर पुढचा गप्प बसतो, आणि मग पुढच्या वेळी थेट स्ट्रेचर येतं. नवीन ऑफिसरांना हे मी स्वतः शिकवलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवरच होता.

मी तडक वर्कशॉपला गेले. इन्चार्ज हटवार सर. मूळचे भंडाऱ्याकडचे, माझ्याच भागातले. मला बघून खुर्ची पुढे केली.

"या मॅडम. ते रामटेकेचं लवकर मिटवा बुवा. भलतंच लिहून राहिली पोट्टी."

"खिडकीजवळचं लेथ कुठलं?"

"ते कावून पायता? जुनं आहे ते."

मी पाहिलं. चकचे तिन्ही जबडे इतके झिजलेले, की हाताला धार लागत नव्हती. मागच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला प्लास्टर उडालेलं, ताजं. त्याच्या शेजारी जुन्या दोन खुणा.

"या दोन कधीच्या?"

हटवार सरांनी आवाज खाली घेतला. "मॅडम, तुमी आपल्यातल्या. माझी सासुरवाडी साकोलीची, तुमचं गाव बाजूचंच. तुमाले सांगतो, यांना काई दिलं तरी हे रडतेच. नवं मशीन दिलं त तोडतील. घरात कोनी लेथ पाहिलं आहे का यांच्या?"

"तुमच्या घरात होतं का?"

"काय?"

"लेथ. तुमच्या बाबांच्या घरी. धानाच्या कोठीजवळ ठेवलेलं होतं का?"

ते लाल झाले. मी पुढं बोलले, आणि मोठ्यानं बोलले. बाहेर पोरं होती, ऐकू द्या म्हटलं. "माझ्या बाबांनी प्लांटमध्ये यायच्या आधी नांगराशिवाय काही पाहिलं नव्हतं. त्यांना कोणीतरी पहिल्यांदा मशीनजवळ उभं केलं म्हणून मी इथं खुर्चीवर बसते. 'आपल्यातल्या' मला म्हणू नका. मला त्या शब्दाची शिसारी येते."

शुक्रवारी समिती बसली. प्राचार्य, हटवार सर, दोन विभागप्रमुख, मी. अश्विनी दारापाशी उभी. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

"सीधा केस है. जाति का उल्लेख किया, लिखित में. लड़की माफ़ी लिख दे, हम वॉर्निंग देकर छोड़ देंगे."

"वॉर्निंग दिली तरी सोमवारी तिचं नाव कटते, सर."

"वो तो प्रोसीजर है."

"माफी कशाची?" मी विचारलं. "या कागदातलं खोटं काय आहे, तेवढं सांगा."

एक विभागप्रमुख म्हणाले, "खरं-खोटं हा प्रश्नच नाही. तुमच्या कलमात उल्लेखालाच मनाई आहे. खरं असलं तरी."

बरोबरच बोलला तो माणूस. माझा नियम मला वाचून दाखवत होता. मी म्हटलं, "कलम चुकीचं आहे. मी लिहिलं, मी चुकले, तसं लिहून देते. पण आधी सगळ्यांनी वर्कशॉपला चला. पाच मिनिटं."

हटवार सर म्हणाले, "याची काय गरज?" पण प्राचार्य उठले होते. आम्ही सगळे खाली गेलो, अश्विनी मागून.

मी जुन्या लेथकडे बोट दाखवलं. "हटवार सर, जॉब लावा आणि मशीन सुरू करा."

"आत्ता?"

"शनिवारी डी बॅच करते तसंच."

त्यांनी तुकडा चकमध्ये बसवला, किल्ली फिरवून आवळला. पुन्हा आवळला. बटणावर हात नेला आणि थांबले. मी बघत होते. प्राचार्य दोन पावलं मागं सरकले. दोघं विभागप्रमुख खांबाच्या आड गेले. हटवार सर स्वतः हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून उभे.

"सर, मागं का सरकलात?" मी विचारलं.

हटवार सरांनी बटणावरचा हात काढून घेतला.

"रोल नंबर ५२ इथं उभी होती." मी जमिनीवर पायानं रेघ ओढली. "मशीनसमोर, भिंतीवरची खूण बरोबर पाठीमागे. समितीपैकी कोणी एकानं इथं उभं राहावं. मशीन एक मिनिट चालू द्यावं. मग मी कलम सात लावते, माफीही लिहून घेते, सगळं करते."

एकही जण पुढे आला नाही. अश्विनी मात्र सवयीनं त्या रेघेकडे चालायला लागली. मी तिला दंड धरून मागं ओढलं.

प्राचार्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "ये मशीन आज से बंद. केस भी बंद."

"लिहून द्या, सर."

"मॅडम, बोल रहा हूँ ना."

"बोललेलं सोमवारी चालत नाही. लिहून द्या."

तिथंच, लेथच्या टूलबॉक्सवर कागद ठेवून त्यांनी लिहून दिलं. मी शिक्का खिशातच घेऊन गेले होते.

पण माझं काम संपलं नव्हतं. ज्याच्यावर वार झाला होता तो रोल नंबर चार, हर्ष नावाचा मुलगा, त्याची तक्रारही तोवर फाइलमध्ये आली होती. अश्विनीनं लिहिलं होतं, 'रोल नंबर चारने कधी हाताला ग्रीस लावलं नाही, प्रॅक्टिकलची फाइल दुसऱ्याची, मार्क त्याला.' मी तिला विचारलं, "पुरावा?"

"सगळे म्हणतात, मॅडम."

"सगळे डी बॅचबद्दलही म्हणतात."

तिचा चेहरा पडला. ती भांडली, मीही भांडले. कॉलेजवर, सरांवर, पद्धतीवर, माझ्यावर हवं ते लिही, जात लिहून लिही, मी तुझ्या मागं उभी राहीन. पण एका पोराचं नाव भिंतीवर टांगायचं तर हातात काही पाहिजे. शेवटी तिनं ती ओळ स्वतः खोडली आणि कागद पुन्हा बोर्डावर लागला. हर्षला मी म्हटलं, तुला काही म्हणायचं असेल तर शेजारी लाव, बोर्डावर जागा आहे.

त्यानं लावलं. चार ओळी. 'मी रोल नंबर चार. फाइल मी स्वतः लिहिली आहे. जुन्या लेथवर मला कधी जावं लागलं नाही, हे खरं आहे. का जावं लागलं नाही, हे मी कधी विचारलं नाही.'

कलम सात मी नव्यानं लिहिलं. जातीवरून किंवा प्रवर्गावरून कोणाला हिणवणं, त्याची टर उडवणं, त्याला मशीन, जागा, वेळ कमी देणं याला मनाई. भेदभाव होतो आहे असं बोलणं किंवा लिहिणं, आणि त्यासाठी जातीचा उल्लेख करणं, हा गुन्हा नाही. असं लिहिणाऱ्यावर त्या लिहिण्यासाठी केस करता येणार नाही. पटलं नाही तर उत्तर लिहावं. स्किटवाले या कलमात अडकले असते आणि अश्विनी अडकली नसती, एवढं मी तपासलं. या वेळी समितीला द्यायच्या आधी मसुदा अश्विनीला वाचायला दिला. तिनं दोन शब्द बदलले. मग विचारलं, "मॅडम, स्किटमध्ये ज्याचा रँक वाचला तो पोरगा गावी गेला ना? त्याले दाखवलं होतं का पहिलं कलम?"

"नाही."

"दाखवायचं होतं," ती म्हणाली.

रोल नंबर आता आडनावाच्या अक्षरांनी पडतात, बॅचेसचे वार दर महिन्याला फिरतात. जुनं लेथ भंगारात गेलं. हटवार सरांना काही झालं नाही. अजून तिथंच आहेत, मला नमस्कार करत नाहीत, आणि मलाही त्यांचा नमस्कार नको आहे.

सोमवारी अश्विनी मुलाखतीला बसली. कंपनीच्या लेखी परीक्षेत वर्गात दुसरी आली. संध्याकाळी यादी लागली, तिचं नाव नव्हतं. मी तिला बोलावलं.

"काय विचारलं त्यांनी?"

"नवीन लेथ चालवलंय का, विचारलं."

"मग?"

"मी सांगितलं, ताडपत्रीखाली पाहिलंय."

एका शुक्रवारात मी केस बंद केली, आठवड्याभरात नियमही बदलणार होते, पण तिचे तीन वर्षांचे शनिवार कुठून आणून देणार होते? मी सॉरी म्हटलं. प्लांटमध्ये चार्जशीट दिलेल्या कोणालाही मी हा शब्द म्हटला नव्हता.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुढची कंपनी कधी येऊन राहिली?"

"दोन महिन्यांनी."

"मग वर्कशॉपची चावी द्या. रोज कॉलेज सुटल्यावर एक तास."

मी चावी दिली. आणि त्या दिवसापासून कोणतीही तक्रार आली, की लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकते आणि आधी विचारते, क्रॅक कुठं हाय.